शुक्रवारी बंद केलेला पंख

मोरिवली,
रविवार

प्रिय सुयोग,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. खोडणार होते, पण खाडाखोड केलेलं पत्र तुझ्या आईच्या हाती द्यायला बरं वाटेना, म्हणून राहू देते. काकू गुरुवारी तुझ्याकडे यायला निघतायत हे मला त्यांच्या शेजारणीकडून कळलं. काल बदलापूरला जाऊन मी त्यांना विचारलं, सुयोगला एक पाकीट द्याल का, तर त्या इतक्या हरखल्या की मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांना वाटलं, आपलं पुन्हा काहीतरी जुळतंय. मला बळेच बसवून खायला घातलं, तुझ्यासाठी केलेले मेथीचे लाडू दाखवले आणि बॅगेत सगळ्यात वरची जागा माझ्या पाकिटासाठी ठेवली. मी त्यांना काही सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते हे पत्र वाचून तू ठरव. त्या समोर बसलेल्या असतील, 'काय लिहिलंय रे उन्नतीने?' असं विचारतील, आणि त्या वेळी तुझा चेहरा कसा होतो ते बघायला मी तिथे नसेन याचं मला फार वाईट वाटतंय.

फोनवर बोलता आलं असतं तर पत्राची वेळ आली नसती. पण माझा नंबर तू ब्लॉक केलास. बाबांच्या फोनवरून लावला, तर तोही केलास. बाबांनी तुझं काय वाकडं केलं होतं रे? ज्या माणसाने चालता भाडेकरू काढून अख्खा गाळा आपल्याला विमान बांधायला दिला, भावकीची बोलणी खाल्ली, 'जयदेवची पोरगी आन तिचा दोस्त इमान बनवतान' म्हणून नाक्यावर हसणाऱ्यांनाच चहा पाजला, त्याचा फोनही तुला उचलवला नाही. ईमेल केल्या, त्यांनाही उत्तर नाही. आमच्याशी बोलायची तुला भीती वाटत होती. कशाची, ते मला आता कळलंय.

आधी एक गैरसमज काढते. तू कॅनडाला गेलास, तिथून दोन ओळींत आपलं ठरलेलं लग्न मोडलंस, म्हणून मी हे लिहितेय असं तुला वाटेल. तो राग होता. भरपूर होता. पण तो मी विमानाला पॉलिश पेपर मारता मारता कधीच घासून टाकला. तू गेल्यावर विमानाचं अर्धं काम बाकी होतं. इंजिन बसवायचं होतं, वायरिंग होती, रंग होता, दिल्लीच्या परवानग्या होत्या. कंपनीतून सुटले की मी थेट गाळ्यात यायचे. काचतंतूंची भुकटी अंगावर बसून मानेला खाज सुटायची, आई दारातच कपडे बदलायला लावायची. सुट्ट्या जोडून जोडून धुळ्याला जायचे आणि कमलेश सरांकडे विमान चालवायला शिकायचे. लायसन्स हातात आलं तेव्हा खरं सांगते, पहिला फोन तुला करावासा वाटला होता. इतकी मी मूर्ख.

कारण लोकांना मी तुझी बाजूच सांगत होते. आई तुला शिव्या घालायला लागली की मी म्हणायचे, अगं, जाताना आपलं अर्धं विमान तो मला देऊन गेला, कोण देतं असं? तू गाळ्याच्या दारात उभा होतास, आठवतंय? म्हणालास, "खंड्या तुझा. मला काही नको. तू पूर्ण कर आणि तूच उडव." आपल्या विमानाला खंड्या हे नाव तूच ठेवलं होतंस, वेगात सूर मारतो म्हणून. त्या दिवशी तुझे डोळे भरून आले होते. मला वाटलं, हा माणूस आपलं सगळ्यात लाडकं काहीतरी मागे ठेवून चाललाय. त्या एका वाक्याच्या जोरावर मी तुला माफ केलं होतं, सुयोग. संपूर्ण माफ केलं होतं.

जानेवारीत खंड्या उडाला. ते मात्र तुला सांगायलाच हवं, कारण त्यातला अर्धा आनंद खरोखर तुझा होता. ट्रकवर पंख वेगळे, धड वेगळं बांधून आम्ही तो धुळ्याला नेला. बाबा ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून गेले, दर ढाब्यावर उतरून दोऱ्या तपासायचे. सकाळी थंडी होती, वारा पडलेला. कमलेश सर हवाई दलात होते ना, त्यामुळे ते कौतुक करत नाहीत, फक्त खाली रेडिओ घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "निघ." मी थ्रॉटल पुढे केला आणि नीट दांडा ओढायच्या आतच जमीन सुटली. शिकाऊ विमान बैलगाडीसारखं चढतं. खंड्या चढला तो पाठीत कोणीतरी हात घालून उचलावं तसा. मी मोठ्याने ओरडले, रेडिओचं बटण दाबलेलं होतं हे विसरून. खाली बाबांनी ते ऐकलं आणि रडायला लागले, असं सर नंतर म्हणाले. उतरल्यावर बाबांनी इंजिनावर नारळाचं पाणी शिंपडलं आणि मग सरांना विचारून ते लगेच पुसूनही घेतलं.

उड्डाणाच्या आदल्या दिवशी मी तुला एक शेवटची ईमेल केली होती, उद्या उडवतेय म्हणून. तेव्हा मात्र तुझं उत्तर आलं. एवढ्या महिन्यांत पहिलं. "ऑल द बेस्ट. जास्त वेगात नेऊ नकोस. उगाच रिस्क कशाला?" मी ते कमलेश सरांना दाखवलं. म्हटलं, बघा सर, काळजी आहे त्याला. सरांनी वाचून फोन परत दिला.

वेग वाढवणं तर भागच होतं. हे विमान वेगासाठीच बनतं, आणि चाचणीत त्याला थोडं थोडं करून पूर्ण वेगापर्यंत नेऊन बघावं लागतं, हे तुला माझ्याहून जास्त माहीत. तिसऱ्या उड्डाणात सरांनी सांगितलं तसं मी उंचावरून उथळ सूर मारला. वेगाचा काटा तीनशे वीसच्या पुढे गेला आणि डाव्या बाजूने आवाज यायला लागला. तेलाच्या पत्र्याच्या डब्यावर कोणीतरी बोटं वाजवावीत तसा. दांडा हातात थरथरला. मी डावीकडे बघितलं. पंखाचं वरचं कवच फुगत होतं. फुगत होतं आणि बसत होतं, झोपलेल्या जनावराचं पोट हलतं तसं. सुयोग, मी पंखाकडे बघत होते आणि तो पंख हलत होता.

मी थ्रॉटल मागे घेतला, नाक अगदी सावकाश वर केलं. रेडिओवर म्हटलं, "सर, डावा पंख." ते म्हणाले, "वेग उतरू दे. जोरात वळू नकोस. लांबून सरळ ये. बोलत राहा." काय बोलत होते ते मला आठवत नाही. बाबा म्हणतात मी पूर्ण वेळ 'हो सर, हो सर' एवढंच म्हणत होते. चाकं टेकली, विमान थांबलं, आणि मला छतच उघडता येईना. बोटांना कळतच नव्हतं खटका कुठे आहे ते. सरांनी बाहेरून उघडलं, पण माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ पंखाकडे गेले आणि तळवा टेकवून दाबलं. कवच आत गेलं आणि टक आवाज करून वर आलं. मग ते माझ्याकडे वळले आणि विचारलं, "हा पंख कोणी बंद केला? वरचं कवच कोणी चिकटवलं?"

मी तुझं नाव सांगितलं. अभिमानाने सांगितलं, कारण तेव्हाही मला वाटत होतं की चूक सुट्या भागांच्या किटमध्ये असेल, वाहतुकीत असेल, माझ्या रंगकामात असेल. तुझ्यात नसेल.

ट्रकने खंड्या परत आणला. बाबांनी आणि मी डाव्या पंखाचं कवच ग्राइंडरने कापलं. स्वतः घासून घासून आरशासारखा केलेला पंख कापताना कसं वाटतं ते लिहीत नाही. आतल्या बरगड्यांवर गोंद होता. भरपूर होता, तू हात आखडता घेतला नव्हतास. पण त्याचं तोंड गुळगुळीत होतं. थंड झालेल्या खिरीवर साय धरते तसा तो वरून आळला होता, आणि कवच त्याला चिकटलंच नव्हतं, नुसतं टेकलं होतं. म्हणून तर मी कवचावर नाणं वाजवून तपासलं तेव्हा आवाज भरीव आला होता. बाबांनी बोटाने खरवडून बघितलं आणि म्हणाले, "ह्यो गोंद कवाच मेला व्हता, पोरी. वरचं झाकान नंतर ठेवलाय."

आता त्या शुक्रवारकडे येऊ. आपला नियम होता, आठवतोय? शुक्रवारी एमआयडीसीत लाइट नसते, एसी चालत नाही, म्हणून शुक्रवारी गोंदाला हात लावायचा नाही. नियम तूच केला होतास आणि भिंतीवर खडूने तूच लिहिला होतास. मे महिन्यातला शुक्रवार. पत्र्याखाली आपण श्वास घेऊ शकत नव्हतो, तिथे इपॉक्सीचा गोंद ओला कसा राहणार? मी बदलापूरला मामेबहिणीच्या हळदीला गेले होते. तू संध्याकाळी येणार होतास. आलास उशिरा, हाताला थिनरचा वास, आणि सगळ्यांसमोर माझ्या कानात म्हणालास, "सरप्राइज. डावा पंख बंद केला. एकट्याने. एकदम परफेक्ट." मी वेड्यासारखी खूश झाले. मग तू नाचलास. आमच्या हळदीत बाहेरचा माणूस एवढा नाचलेला कोणी बघितला नव्हता. मामा तुला खांद्यावर घ्यायला निघाले होते.

तुला गडबड होती, हे मी समजू शकते. कॅनडातल्या कंपनीला बंद झालेल्या पंखाचे फोटो पाठवायचे होते. मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर तूच सांगितलंस की मुलाखतीत ते फोटो बघून त्यांनी तुला घेतलं. घाई झाली, उन्हात गोंद हातातच आळला. होतं असं. माझ्याकडून किती डबे वाया गेलेत. डबा फेकायचा, खरवडायचं, शनिवारी पहाटे नव्याने करायचं. मला बोलावलं असतंस तर हळदीतल्या साडीवर आले असते. तू घाई केलीस यावर मी रागावलेली नाही, सुयोग. नीट वाच, कारण पुढचं वाक्य लिहिण्यासाठी मी तीन आठवडे थांबले आहे.

तुला माहीत होतं.

पंखाच्या कडेला रंग खरवडला तेव्हा तिथे बाहेर आलेला गोंद दिसला. कवच दाबलं की कडेतून गोंदाची रेघ बाहेर येते आणि ती बघूनच माणूस समाधान मानतो. आपला गोंद दुधाळ असायचा, त्यात आपण सुती तंतूंची भुकटी मिसळायचो. कडेची ही रेघ मधासारखी पिवळी आणि आरपार आहे. त्यात भुकटी नाही. ती नंतर, सिरिंजने, बाहेरून ओढलेली आहे. आत काय झालंय ते तुला कळलं, मग तू दुसरा डबा कालवलास, सिरिंज घेतलीस, आणि मी हळदीहून परतल्यावर जिथे बघणार होते नेमकं तिथे, सावकाश, हात न हलू देता, सुंदर रेघ ओढलीस. तुझा हात फारच चांगला आहे. आणि मग हात धुऊन नाचायला आलास.

तेव्हापासून माझ्या डोक्यात सगळं उलटं फिरतंय. "खंड्या तुझा. तूच उडव." अरे, तू त्यात कधी बसणारच नव्हतास! स्वतः ज्यात बसायची छाती नव्हती ते तू मला भेट दिलंस, आणि मी त्या भेटीवर अख्खं जग तुझ्याशी गोड करून घेत होते. "जास्त वेगात नेऊ नकोस." एका ओळीत सांगू शकला असतास, उन्नती, पंख उघड. मला मारायचं नव्हतं तुला, हे कळतं मला. मी वाचावं असंही तुला वाटत होतं, फक्त तुझं नाव न जाता वाचावं. यातलं काय जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही. तू मला सोडून गेलास तेव्हा मी रडले होते. पंख उघडल्यावर मी रडले नाही. भिंतीवरचा तो खडूने लिहिलेला नियम ओल्या फडक्याने पुसला आणि हात दुखेपर्यंत पुसत राहिले.

तुझ्या माफीसाठी हे पत्र लिहिलेलं नाही. आलीच तर तुझ्यापाशी ठेव. डावा पंख मी नव्याने बनवतेय, उजवाही उघडून बघितला. तो आपण दोघांनी एका पहाटे बंद केला होता आणि कापताना ब्लेड तुटलं, इतका तो धरून होता. खंड्या पुढच्या हिवाळ्यात उडेल. तू खरं सांगितलं नाहीस तरी उडेल.

मी लिहितेय ते हरेशभाईंसाठी. उल्हासनगरला कॅम्प एकमधले ते हरेशभाई, ज्यांनी आपलं बघून तेच किट मागवलं आणि पंखांचं काम तुझ्या हाती सोपवलं. मागच्या सोमवारी मी त्यांच्या गाळ्यावर गेले. विमान तयार आहे, लाल-पांढरं, येत्या रविवारी ट्रक येणार आहे आणि चेटीचंडला, त्यांच्या नववर्षाला, त्यांना ते उडवायचंय. चाचण्या झाल्या की शेजारी पहिली त्यांची मुलगी जिज्ञासा बसणार आहे, तिच्या मापाचा हेडफोनही आणून ठेवलाय. मी फोटो दाखवले, कापलेला तुकडा समोर ठेवला. ते हसले. म्हणाले, "दीदी, तुम्हारा झगडा सुयोगभाई से है, उसमें मेरा जहाज क्यों काटती हो? ऐसा कारीगर किधर मिलेगा, जाने के दो दिन पहले आके एक दोपहर में दोनों विंग बंद करके दिया." एका दुपारी दोन्ही, सुयोग. तशाच उकाड्यात, पत्र्याखाली. आणि हे ते मला कौतुकाने सांगत होते. विमानांच्या तपासणीवाल्यांना मी लेखी कळवलंय. ते म्हणतात, बाहेरून दोष दिसत नाही, आणि मालकाची तक्रार नाही. जिज्ञासाला गाठलं, तर ती म्हणाली पप्पा ऐकणार नाहीत. माझं ते ऐकणार नाहीत, मी त्यांच्या लेखी सोडून दिलेली बाई आहे. तुझं ऐकतील. तेव्हा हे पत्र खाली ठेव आणि आईला चहा करायला सांगण्याआधी त्यांना फोन लाव. त्यांचा नंबर तू ब्लॉक केलेला नाहीस, त्यांनी मला तुझे दिवाळीचे मेसेज दाखवले. लांबण लावू नकोस, माझं नाव घेतलंस तरी चालेल, मला खोटी ठरवून वर स्वतःला वाचवलंस तरी चालेल, फक्त एवढं म्हण की हरेशभाई, पंख उघडा, मी ते बिघडवलेत. उघडायला आणि पुन्हा बंद करायला मी जाईन, पहाटे, माझ्या हातांनी. शुक्रवारपर्यंत काकू तुझ्याकडे पोहोचतील. रविवारी सकाळी मी कॅम्प एकला हरेशभाईंच्या दारात जाऊन बसणार आहे. तुझा फोन आलेला असेल तर ते मला आत घेतील. आलेला नसेल तर मी ट्रकपुढे आडवी होईन, आणि मग तिथे जमलेल्या माणसांना, पोलिसांना आणि तुझ्या आईला, सगळं पहिल्यापासून सांगेन.

तुझ्या एका फोनची वाट बघणारी,
उन्नती